फंड थांबला, पुढं काय?

लेकरा, अनेक आशीर्वाद.

तुमचा प्रोजेक्ट मार्चअखेर बंद होतोय, हे कळलं. "काम चांगलं होतं, मग पैसा का थांबला?" असं विचारतेस. तुमच्या कामात खोट नव्हती. परदेशात जिथून पैसा निघतो, तिथलं राजकारण फिरलं. रशियाशी चढाओढ ऐन भरात असताना, १९६१ साली, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था, उभी केली. १ जुलै २०२५ला तिचा कारभार गुंडाळला. ब्रिटननंही २०२७पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलंय; वाचलेला पैसा संरक्षणाला. यात नवं काही नाही. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८०चा (अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालचा) गहू असाच हात आखडून सोडला होता. शेतीधोरण बदला, हा आग्रह होताच. वर दिल्लीनं अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावरून टीका केली, त्याचा राग.

म्हणून बाहेरचा पैसा नकोच, असं मी म्हणणार नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी भागात जागतिक बँकेचा पैसा आला (कर्ज होतं ते, दान नव्हे, लोक विसरतात). पण तिकडच्या नव्या गावठाणांत एकदा हिंडून ये. सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, आणि शेजारी लोकांनी मागाहून ठोकलेली पत्र्याची शेडं. बैल कुठं बांधता, कडबा कुठं रचता, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

याउलट रोजगार हमी बघ. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रेट्यातून ती वाढली, १९७७ला तिचा कायदा झाला. पैसा कुठला? मुख्यतः शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय कराचा. काम मागणं हा हक्क झाला, म्हणून वॉशिंग्टनमध्ये कुणीही निवडून आलं तरी तिला धक्का नव्हता. मजुरी वेळेवर मिळायची असं नाही, पण भांडायला तहसील तरी होतं. परदेशातल्या देणगीदाराच्या दारात तुझ्या गावची बाई कशी जाऊन बसणार?

तेव्हा लगेच नवा प्रपोजल लिहायला बसू नकोस. सीएसआरवाल्यांकडं, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीकडं, जायचं तर जा, पण तिथंही वर्षाकाठी साहेब बदलतो. आधी गटातल्या बायकांकडून रोजगार हमीच्या कामाच्या मागणीचे अर्ज भरून घे, ग्रामपंचायतीत दे आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. ग्रामसेवक "नंतर देतो" म्हणेल. तिथंच बसायचं.

पुढच्या शनिवारी लातूरला ये. पोच सोबत आण, मग आकडे मांडू.

तुझे,
सर