बोट ठेवता येईल तेवढंच बोल

चि.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेरिय कोविलच्या, म्हणजे इथल्या बृहदीश्वर मंदिराच्या, विमानाची (गाभाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याची) सावली जमिनीवर पडत नाही, ही गोष्ट सांगितली की गट खूश होतो. नाही सांगितली तर कुणीतरी म्हणतंच, "मागच्या गाईडने सांगितलं होतं, तुम्हाला माहीत नाही का?" मग सांगू की नको, असं तू विचारतेस आणि पुढे लिहितेस, "शेवटी लोक आनंदासाठीच येतात ना." या वाक्यावर मी अडलो, म्हणून हे एवढं लांब पत्र.

अगं, तू तंजावरची नाहीस, मीही नाही. आपण इथे येऊन राहिलो आणि आता इथलं शहर आपल्याच मुलखातल्या लोकांना दाखवतो. परक्या गावाबद्दल तोंड उघडणाऱ्याला एकच नियम पुरतो. ज्याच्यावर बोट ठेवता येतं तेवढंच बोलायचं. समोर दगड असेल तर दगडावर, अक्षर असेल तर अक्षरावर. बोट ठेवायला काही नसेल तर "असं म्हणतात" हे दोन शब्द आधी लावायचे, आणि तेही दिवसातून दोन-तीनदाच. बाकी सगळं मी तुला सोडून देईन. हे सोडणार नाही.

सावलीचंच घे. तंजावर पावणेअकरा अक्षांशाच्या आसपास आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. विमान ६० मीटरांहून उंच आहे, पायथा साधारण ३० मीटर चौरस आणि कळस बरोबर मध्यावर. म्हणजे मध्यापासून पायथ्याची कड १५ मीटरांवर. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून किंचित उत्तरेला कलतो आणि कळसाची सावली दक्षिणेला १३-१४ मीटरच जाते. ती विमानाच्या अंगावरच राहते, अंगणात उतरत नाही. गोष्टीचा जीव एवढाच. डिसेंबरात हीच सावली भर मध्यान्ही मध्यापासून उत्तरेला ४० मीटर जाते, म्हणजे पायथा ओलांडून २५ मीटर फरसबंदीवर पडलेली असते. हा हिशेब कागदावर एकदा स्वतः मांड. पाठ केलेला आकडा पहिल्या उलट प्रश्नाला गळतो, मांडलेला गळत नाही.

आता हे गटाला सांगायचं कसं? आकडे सांगून नव्हे. सकाळी नऊ-सव्वानऊला सगळ्यांना विमानाच्या मागे, पश्चिमेच्या अंगणात ने. तेव्हा सूर्य साधारण अर्ध्या आभाळात असतो आणि सावली विमानाच्या उंचीइतकी, जवळजवळ मागच्या ओवरीपर्यंत लांब असते. तिथला दगड गार असतो. अनवाणी माणसं आपोआप तिथे थांबतात. त्यांना थांबू दे, पाणी पिऊ दे, मग विचार, "आपण कशाच्या सावलीत उभे आहोत?" जूनची गोष्ट त्यानंतर सांग, म्हणजे अफवा कुठून उगवली तेही कळेल. टाळ्या पडणार नाहीत, पण माणसं मान वर करून बघतील. मला विचारशील तर गाईडला तेवढं मिळालं की पुष्कळ.

तसंच विमानाच्या माथ्यावरच्या त्या ८० टनांच्या एकसंध शिखराचं आणि ते वर चढवायला बांधलेल्या कित्येक किलोमीटरच्या उताराचं. खाली उभं राहून शिखर एका दगडाचं आहे की अनेक, हे तू दाखवू शकत नाहीस. मग "असं म्हणतात" आणि पुढे चल. उत्तरेच्या अंगावर टोपीवाल्या गोऱ्यासारखी एक आकृती आहे, तिच्यावरून हे देऊळ बांधणाऱ्या चोळ राजाला, राजराजाला, भविष्य दिसत होतं असं सांगणारे आहेत. देवळावर नंतरच्या नायक राजांच्या आणि तंजावरच्या भोसल्यांच्या काळातही कामं झाली, एवढं एक वाक्य बस. आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन चित्रं, जी नायककाळातल्या चित्रांखालून १९३१ साली पुन्हा उजेडात आली, ती गटाला बघायला मिळत नाहीत. मग त्यांचं पाच मिनिटं रसभरीत वर्णन कशाला? चांगलं छापलेलं एक छायाचित्र पिशवीत ठेव. कुणी विचारलं तर काढ.

उलट जिथे बोट ठेवता येतं तिथे तू घाई करतेस. तुझ्या दोन तासांच्या आराखड्यात नंदीला पंधरा मिनिटं आणि अधिष्ठानावरच्या (देवळाच्या जोत्यावरच्या) कोरीव लेखांना दोन! नंदी मोठा आहे हे लोकांना तुझ्याशिवाय दिसतं. तो नायककाळातला आहे, राजराजाचा नाही, एवढं सांग आणि फोटोला पाच मिनिटं दे. वाचलेली दहा मिनिटं अधिष्ठानाला दे. हे मंदिर १०१० साली पूर्ण झालं आणि राजराजाने त्याचा हिशेब दगडावर लिहून ठेवला. आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, ते सगळं दगडावर कोरा, अशी त्याची आज्ञा आहे. मूळ तमिळमध्ये शब्दच 'अक्कन' असा आहे. ही अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. सोलापूर-कोल्हापूरकडच्या बाईला 'अक्का' या शब्दापाशी उभं केलंस की पुढे भाषांतर लागत नाही. याच देवळात ४०० नर्तकींची नावं आहेत. कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आणलं, कुठल्या आळीत कितवं घर दिलं, आणि प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (जुनं धान्यमाप) भात. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा पत्ता दगडावर आहे आणि आपण लोकांना न पडणारी सावली सांगत बसतो. याचा मला राग येतो आणि तो येऊ दे.

बोट ठेवायचं म्हणजे खरोखर टेकवायचं नाही, हेही लिहून ठेवतो. हाताच्या घामातेलाने दगड काळा पडतो, कड झिजते. वीतभर अंतर ठेव. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नकोस, भिंतीला जवळजवळ समांतर धर. तिरप्या उजेडात खोदकाम उठून दिसतं, समोरच्या उजेडात सपाट होतं. आदल्या दिवशी जाऊन चार शब्द हेरून ठेव. गटासमोर शोधाशोध करू लागलीस की लोक पांगतात.

आता मराठी लेखाकडे येतो, कारण आपले लोक त्यासाठी येतात आणि तिथेच सगळ्यात जास्त थापा चालतात. नैऋत्येच्या भागात भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा इतिहास १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने. लोक "जगातला सर्वांत मोठा शिलालेख" ऐकायला आलेले असतात. तू त्यांना तारीख दाखव. १७९९च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला होता. सरफोजींच्या हातात किल्ला आणि नेमणूक, म्हणजे तनखा, उरली होती. त्यानंतर चारच वर्षांनी हा राजा चोळांच्या देवळात आपल्या घराण्याची कुळकथा कोरून घेतो. तो स्वतः आधीच्या तुळजाराजांचा दत्तक, आणि त्या दत्तकावरून वाद होऊन अकरा वर्षं गादी दुसऱ्याकडे होती. हे सगळं ठाऊक असलं की भिंत वेगळी दिसते. पण जपून. दगडावर कोरलंय म्हणून ते तसंच घडलं, असं नाही. राजाने स्वतःच्या घराण्याबद्दल लिहवून घेतलेला मजकूर आहे तो. आपण "हे इथे असं लिहिलंय" एवढंच म्हणायचं. बोटाच्या नियमाची ही दुसरी बाजू, आणि ती पहिलीपेक्षा अवघड.

महाराजांबद्दल तर दुप्पट जप. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी भेटले ते तिरुमलवाडीला, कोळ्ळिडम नदीच्या काठी. तंजावर शहरात नव्हे. कुठल्याही ओट्यापाशी "इथे महाराज उभे होते" म्हणू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येणार असलं तरी म्हणू नकोस. त्या पाण्याचा तर तू गैरफायदा घेत असशील. सांबाराचंही तेच. संभाजी महाराजांवरून सांबार, ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर "असं म्हणतात" लावून ठीक आहे, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दारात नाही.

आणि लोकांना न आवडणारं खरंही दाखवायचं. किनाऱ्यावर मनोरा आहे, सरफोजींनी १८१४-१५च्या सुमाराला बांधलेला, इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या आनंदात. तसं सांगणाऱ्या लेखांत मराठीही आहे. गट तिथपर्यंत जात नाही, पण राजवाड्यात सरफोजींच्या संगमरवरी पुतळ्यासमोर कुणीतरी "इंग्रजांशी लढले असतील ना?" विचारतंच. तेव्हा गप्प बसू नकोस. हा माणूस पाद्री श्वार्ट्झच्या देखरेखीत शिकला, त्याने हस्तलिखितं जमवली, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेववल्या, आणि इंग्रजांच्या विजयाचा मनोराही बांधला. एकाच माणसाने. आपल्या लोकांना एवढं पेलतं. पेलत नाही असं आपण धरून चालतो, कारण गोड बोलणं सोपं असतं.

या हट्टापायी मला कामं कमी मिळाली, हे तुला बाहेरून कळेलच, म्हणून मीच लिहितो. सहलवाल्यांना टाळ्या मिळवणारा माणूस हवा असतो. पण एकदा ऐकून गेलेला माणूस दुसऱ्या वेळी आपल्या नातेवाइकांना घेऊन येतो, आणि त्या वेळी मला आधी काय सांगितलं होतं ते आठवावं लागत नाही. मला पश्चात्ताप आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तमिळ बोलायला लवकर शिकलो, वाचायला फार उशिरा. तेवढी वर्षं दुसऱ्याच्या बोटावर विसंबून बोललो. तू ते करू नकोस. १२ स्वर, १८ व्यंजनं. क, ख, ग, घ या चारांना एकच अक्षर, त्यामुळे आपल्याला पाठ करायला कमी आणि उच्चारायला जास्त कष्ट. रोज तीन अक्षरं केलीस तर दहा दिवसांत मुळाक्षरं होतात, काना-मात्रांना आणखी महिना धर. आजची लिपी आली की राजराजाच्या लेखातली बरीच अक्षरं ओळखू येऊ लागतात. परवान्याच्या परीक्षेला हे कुणी विचारणार नाही. तरीही कर.

तंजावर चित्रांच्या दुकानाचं विचारलंस. कमिशन घेऊ नकोस. यावर चर्चा नको. घेतलंस की तुझं बोट त्या दिवसापासून दुकानदाराचं. गटाला न्यायचंच असेल तर जिथे काम चालू आहे तिथे ने आणि थर दाखव. लाकडी फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा लेप, उठावाचं काम, खडे, मग २२ कॅरटचा वर्ख आणि शेवटी रंग. अर्धवट झालेलं चित्र बघितलेल्या माणसाला वर्ख आणि चकचकीत कागद यातला फरक कुणी सांगावा लागत नाही. वीणा करणाऱ्याकडे गेलात तर फणसाच्या लाकडाचा तुकडा हातात द्यायला सांग, वजनावरून बरंच कळतं.

बाकीचं भराभर. सकाळी साडेसहाला आत शीर. दुपारी गाभारा बंद असतो आणि दहानंतर उघड्या फरशीवर पाय भाजतात. गटाला आदल्या रात्रीच जाड मोजे आणायला सांग, सकाळी बसमध्ये सांगून उपयोग नाही. वीस माणसांपेक्षा जास्त असतील तर दोन तुकड्या कर. वीसच्या पुढे आवाज चढवावा लागतो, आणि ते चालतं देऊळ आहे, शेजारी कुणीतरी डोळे मिटून उभं असतं. चालताना बोलू नकोस, थांबल्यावर बोल. सूर्य तुझ्या तोंडावर असू दे, त्यांच्या नको. ज्येष्ठांना बसायची जागा आधी हेर, बोलायची जागा त्यावरून ठरव. आणि इथल्या जुन्या मराठी घरांतलं कुणी भेटलं तर गटासमोर उभं करून "बोलून दाखवा" म्हणू नकोस. ते त्यांच्या घरी बोलतात ती भाषा, प्रदर्शनातली वस्तू नव्हे.

शनिवारी सकाळी सहाला देवळाच्या केरळांतकन गोपुराच्या दारापाशी ये. वही, पेन्सिल आणि टॉर्च घेऊन ये, मोजे नकोत. 'अक्कन' कुठे आहे ते मी एकदाच दाखवीन. त्यानंतर नऊपर्यंत थांबू, सावली ओवरीला कुठल्या खांबाजवळ पोचते ते वहीत लिहू, आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, त्याच वेळेला तू एकटी जाऊन पुन्हा लिहून आण.

काका