कॅथलिक वृत्तसंस्था म्हणजे पोपचं प्रचारखातं का?

तुम्ही विचारलंय, की काही बातम्यांखाली ‘कॅथलिक न्यूज सर्व्हिस’ असं नाव असतं, ही व्हॅटिकनची संस्था आहे का, आणि बिशपांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या बातमीवर भरवसा कसा ठेवायचा?

व्हॅटिकनची नाही. व्हॅटिकनची ‘व्हॅटिकन न्यूज’ वेगळी, मिशन प्रदेशांच्या बातम्या देणारी १९२७ ची ‘फिदेस’ही वेगळी. कॅथलिक न्यूज सर्व्हिस, म्हणजे सीएनएस, अमेरिकेतल्या बिशपांनी १९२० मध्ये सुरू केली. हिच्याशी नेहमी गल्लत होते ती ‘कॅथलिक न्यूज एजन्सी’ची. ती २००४ ची आणि आता ईडब्ल्यूटीएन या वाहिनीच्या मालकीची. नावं इतकी सारखी की आम्हा ख्रिस्ती घरांतसुद्धा कोण कोणती वाचतं ते कळत नाही.

काम कसं चाले ते पीटीआयवरून समजेल. अमेरिकेत धर्मप्रांतागणिक, म्हणजे एकेका बिशपाच्या अधिकारातल्या प्रदेशागणिक, छोटी साप्ताहिकं असत. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला रोममध्ये बातमीदार ठेवणं कसं परवडणार? मग वर्गणी भरायची आणि तयार मजकूर घ्यायचा. सुरुवातीला तो टपालाने यायचा. व्हॅटिकनच्या निवेदनांतून सामान्य वाचकाला समजेल अशी बातमी काढणं हे रोम कार्यालयाचं खरं कसब. शिवाय ‘ओरिजिन्स’ नावाच्या साप्ताहिकात भाषणं आणि दस्तऐवज जसेच्या तसे छापत. माझ्या मते संस्थेचं सगळ्यात टिकाऊ काम तेच. कोण काय म्हणालं यावर वाद झाला की मूळ शब्द समोर ठेवता यायचे. संस्था सिनेमांची परीक्षणंही देई. मुलांना कुठला सिनेमा दाखवावा हे आईबापांना कळावं म्हणून प्रत्येकाला श्रेणी असे आणि सगळ्यात वाईट शेरा ‘ओ’, म्हणजे नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह. हा शेरा बघून किती पोरांनी मुद्दाम तिकीट काढलं असेल, देव जाणे!

आता भरवशाचं. मालक बिशप असले तरी संपादनात ढवळाढवळ करायची नाही असा रिवाज होता, आणि बराच काळ तो पाळला गेला. पण दोरी कुणाच्या हातात आहे हे २०१६ मध्ये दिसलं. मुख्य संपादक टोनी स्पेन्स यांनी समलिंगी व्यक्तींच्या हक्कांशी संबंधित कायद्यांबद्दल ट्विटरवर लिहिलं, काही ब्लॉगांनी आरडाओरड केली आणि अमेरिकेतल्या बिशपांची जी परिषद सीएनएसची मालक, तिच्या सरचिटणीसांनी त्यांचा राजीनामा मागितला. तो त्यांनी दिला.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांचा विषय १९८५ मध्ये लावून धरला तो ‘नॅशनल कॅथलिक रिपोर्टर’ने. तेही कॅथलिकांचंच पत्र, पण बिशपांच्या ताब्यात नसलेलं. २००२ मध्ये ज्याने स्फोट घडवला ते ‘बोस्टन ग्लोब’ तर चर्चबाहेरचंच दैनिक. बिशपांच्या पैशावरची संस्था एकदा फुटलेली बातमी नीट सांगू शकते, पण बिशपांवरची बातमी आपण होऊन खणून काढेल, ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही. उलट पोपच्या दौऱ्यात तो नेमकं काय बोलला, एखाद्या नव्या दस्तऐवजात काय आहे, बिशपांच्या बैठकीत कशावर मतदान झालं, यासाठी मी डोळे झाकून सीएनएस उघडायचो.

‘उघडायचो’ म्हणतोय, कारण वर्गणी भरणारी साप्ताहिकंच एकेक करून बंद पडत गेली. ४ मे २०२२ रोजी बिशप परिषदेने जाहीर केलं, की वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कची कार्यालयं वर्षअखेरीस बंद होतील. शंभरी गाठून जेमतेम दोन वर्षं झाली होती. कामाची यंत्रणा आणि जुना संग्रह ‘अवर संडे व्हिजिटर’ या प्रकाशनसंस्थेने घेतला. ही इंडियाना राज्यातली, फादर जॉन नोल यांनी १९१२ मध्ये काढलेल्या साप्ताहिकातून वाढलेली. १ जानेवारी २०२३ पासून ‘ओएसव्ही न्यूज’ सुरू झालं. सीएनएसचं रोम कार्यालय मात्र बिशपांनी चालू ठेवलं.

तेव्हा बातमीखाली सीएनएस दिसलं, तर आधी तारीख बघा. २०२२ नंतरची असेल तर ती बहुधा रोमहून आलेली असते.