'डॉटर्स ऑफ बिलिटिस' : कन्या कोणाच्या, आणि बिलिटिस कोण?

एका वाचकांनी विचारले आहे की, अमेरिकेतील समलिंगी स्त्रियांच्या पहिल्या हक्क-संघटनेचे 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' हे नाव मराठीत 'ग्रीक देवता बिलिटिसच्या कन्या' असे लिहावे का, आणि त्या स्वतःसाठी कोणता शब्द वापरीत असत. 'लेस्बियन' हा शब्द लेस्बॉस या ग्रीक बेटावरून आणि तेथील कवयित्री सॅफो हिच्यावरून आला, हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे तो भाग सोडून देतो.

बिलिटिस ही ग्रीक देवता नव्हे. तिला 'सॅफोची समकालीन कवयित्री' म्हणणारेही तितकेच चुकतात, आणि ही चूक मी व्याख्यानांतून व लेखांतून इतक्या वेळा ऐकली-वाचली आहे की आता तिचा कंटाळा येऊ लागला आहे. पिएर लुईस या फ्रेंच लेखकाने 1894 मध्ये 'बिलिटिसची गीते' हा गद्यकाव्यांचा संग्रह काढला, त्यात सॅफोच्या काळातली आणि स्त्रीवर प्रेम करणारी बिलिटिस नावाची कवयित्री रंगवली आणि आपण केवळ प्राचीन ग्रीकमधून भाषांतर केल्याचा आव आणला. जी. हाइम नावाच्या जर्मन पुरातत्त्वज्ञाला बिलिटिसची कबर सापडली, असेही त्याने प्रस्तावनेत ठोकून दिले. 'जी' आणि 'हाइम' एका दमात म्हणा, म्हणजे 'गेहाइम' हा 'गुप्त' या अर्थाचा जर्मन शब्द कानी पडेल. तेव्हा कबर, कवयित्री आणि पुरातत्त्वज्ञ ही तिन्ही लुईसच्याच डोक्यातून निघाली. विलामोविट्झ या गाढ्या जर्मन ग्रीकपंडिताने 1896 मध्ये या पुस्तकाचे कडक परीक्षण केले, तरी बिलिटिसला खरी मानणारे अजून आहेतच.

मात्र नाव काल्पनिक आहे म्हणून ते निरर्थक आहे, असे जे टीपाकार सांगतात त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. लुईसने बिलिटिसची आई फिनिशियन दाखवली आहे आणि हा धागा दुर्लक्षिण्याजोगा नाही. फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन लोक. त्यांच्या बिब्लॉस नगरीच्या देवीला ग्रीक लेखनात 'बाल्तिस' म्हटले आहे. त्या नावाचे मूळ 'बालत', म्हणजे त्यांच्या भाषेतील 'बाल' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप, आणि प्राचीन इराकमधल्या अक्कदी भाषेतील 'बेल्तु' हे त्याचेच भावंड. 'बाल' म्हणजे मालक, स्वामी, आणि नवरासुद्धा. आपल्याकडे 'धनी' हा एकच शब्द शेताच्या मालकाला लागतो आणि 'आमचे धनी' म्हणताना घरच्या नवऱ्यालाही लागतो, तोच सारा पसारा 'बाल' या शब्दात आहे. मग 'बालत' म्हणजे काय, तर धनीण. लुईसने 'बाल्तिस' किंवा 'बेल्तिस' या रूपालाच जरा मुरड घालून 'बिलिटिस' केले, असे माझे ठाम मत आहे. ते मान्य केले, तर नवऱ्याच्या धनीपणाबाहेर संसार मांडणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या नावात 'धनीण' हा शब्द बसलेला निघतो, आणि या व्युत्पत्तीचा मला अतोनात आनंद होतो.

आता 'डॉटर्स' या शब्दाकडे वळतो, कारण अनुवादाची खरी फसगत तेथे होते. 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोझ बॅमबर्गर यांच्या घरी आठ जणी जमल्या. डेल मार्टिन आणि फिलिस लायन त्यांपैकीच होत. त्या काळी अशा स्त्रिया जेथे भेटत त्या बारवर पोलिसांचे छापे पडत असल्यामुळे निर्धास्तपणे बसता-बोलता यावे आणि एकमेकींसोबत नाचता यावे, एवढीच प्रारंभीची इच्छा होती. नाव असे हवे होते की जाणत्या स्त्रीला खूण पटावी आणि परक्याला काहीच कळू नये. कोणी विचारलेच तर काव्यप्रेमी मंडळ आहे म्हणून सांगता यावे. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' यांसारख्या प्रतिष्ठित महिला संस्था तेथे होत्याच, तोच साचा यांनी उचलला. म्हणून येथे 'कन्या' म्हणजे लेकी नव्हेत आणि भक्तही नव्हेत. आपल्याकडे या साच्याला 'भगिनी मंडळ' म्हणतात, तेव्हा 'बिलिटिस भगिनी मंडळ' हाच सरळ अनुवाद होय. मुंबईत 1995 मध्ये समलिंगी आणि द्विलैंगिक (बायसेक्शुअल) स्त्रियांचा जो गट उभा राहिला त्याचे 'स्त्री संगम' हे पहिले नावही मला त्याच जातीचे वाटते, कारण पाटीवर ते वाचून शेजारपाजारच्या कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या.

त्या स्वतःला काय म्हणत, याचे उत्तर त्यांच्या 'द लॅडर' या मासिकात मिळते. ऑक्टोबर 1956 मध्ये निघालेल्या पहिल्या अंकावर संपादक म्हणून 'ॲन फर्ग्युसन' हे नाव होते. ते लायन यांचे टोपणनाव होते, आणि काही महिन्यांतच 'ॲन फर्ग्युसन मरण पावली' असे जाहीर करून त्या खऱ्या नावाने लिहू लागल्या. संघटनेच्या उद्दिष्टांत मात्र 'व्हेरियंट', म्हणजे भिन्न प्रकृतीची स्त्री, हा शब्द होता, आणि त्याच्या जोडीला 'होमोसेक्शुअल' हाही होता. बार्बरा गिटिंग्ज संपादक झाल्यावर 1964 मध्ये मासिकाच्या नावाखाली 'अ लेस्बियन रिव्ह्यू' हे शब्द छापले गेले आणि तो उच्चार उघड्यावर आला. त्यामुळे प्रारंभीच्या वर्षांबद्दल लिहिताना उद्दिष्टांचा मजकूर उद्धृत करायचा असेल, तर तेथे 'लेस्बियन' घुसडू नये, 'व्हेरियंट'साठी 'भिन्न प्रकृतीच्या स्त्रिया' असेच लिहावे.