३८० तास चाललेली ४२ फुटी फ्लायब्रिज बोट: घ्यायच्या आधी काय उघडून बघायचं

प्रश्न असा आहे: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले तीन भागीदार मिळून गोव्यातली २००८ ची, ४२ फुटी, दोन डिझेल इंजिनांची फ्लायब्रिज बोट (केबिनच्या छतावरही बसायची आणि चालवायची जागा असलेली) बघताय. मालक म्हणतोय फक्त ३८० तास चाललीय, म्हणून भाव चढा. आणि पावसाळ्यात ती बेळगावजवळच्या हिडकल धरणात आणून ठेवता येईल का, असंही विचारलंय.

हिडकलचं आधी मिटवतो. नाही जमणार. या मापाच्या बोटीची रुंदी चार मीटरच्या आसपास असते, रस्त्यावर साध्या वाहनाला मर्यादा २.६ मीटरची. विशेष परवानगी काढून, चोर्ला घाटाची वळणं चढवून आणली तरी मे महिन्यात, म्हणजे नेमकी पाण्यात सोडायच्या वेळी, धरण तळाला गेलेलं असतं. बोट गोव्यातच राहणार, पावसाळ्यात पाण्याबाहेर यार्डात.

म्हणजे बोट तिकडे, तुम्ही बेळगावात, आणि बोट बराच काळ बसून राहणार. आजवरही ती बसूनच होती. ३८० तास म्हणजे वर्षाला पंचवीस तासही नाहीत. बोटीचं डिझेल इंजिन चालून जेवढं झिजत नाही तेवढं बसून खराब होतं, त्यामुळे कमी तासांसाठी जास्त पैसे देऊ नका. तासांऐवजी वर्षांचा हिशेब मागा: इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) कधी बदलला, हीट एक्स्चेंजर आणि आफ्टरकूलर (त्या पाण्याने कूलंट आणि हवा थंड करणारे भाग) कधी काढून साफ केले, बिलं कुठं आहेत. इम्पेलरची रबरी पाती एकाच बाजूला दबून राहिली की कडक होतात, तुटतात आणि तुकडे पुढे जाऊन नळ्यांत अडकतात. टाकीतल्या डिझेलखाली पाणी साठतं, दोन्हींच्या मधे काळा चिकट थर धरतो. धक्क्याला उभ्या बोटीत तो कळत नाही. बाहेर लाटांत टाकी ढवळली की फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडतं. टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून बघा.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे एक्झॉस्ट एल्बो, धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप. इथे गरम धूर आणि थंड खारं पाणी एकत्र येतं, त्यामुळे बिडाचा एल्बो आतून कुजतो. बाहेरचा रंग अगदी छान असतो. जॅकेटची, म्हणजे भोवतीच्या पाण्याच्या पोकळीची, भिंत आत फुटली की पाणी टर्बोत आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं, मग इंजिन उघडण्याशिवाय मार्ग नाही. दोन्ही एल्बो उतरवून आत टॉर्च मारा. पापुद्रे सुटत असतील तर बदलाचे पैसे भावातून वजा करा. आपल्याकडे लगेच विचार येतो की पॅटर्न करून इथंच ओतून घेऊ. करता येईल, पण ओतताना आतली पोकळी करणारा कोअर जरा सरकला तर एका बाजूची भिंत पातळ राहते. जॅकेटची हायड्रो टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) केल्याशिवाय तसा एल्बो इंजिनाला लावू नका.

चाचणीला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर त्या दिवशी चाचणी न घेताच माघारी फिरा. थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचं आहे. सुरुवातीचा पांढरा धूर एक-दोन मिनिटांत गेला पाहिजे. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. मग टाक्या निम्म्याहून भरलेल्या, माणसं बसलेली, आणि फुल थ्रॉटल. प्लेटवर लिहिलेला आरपीएम दोन्ही इंजिनांनी गाठला पाहिजे. दोन-तीनशे कमी पडले तर तळाला शिंपले, चुकीचा प्रॉप (पाण्यातला पंखा), थकलेला टर्बो, यापैकी काहीतरी आहे. शिंपल्यांचं कारण सांगतील. तळ साफ करून पुन्हा चाचणी घ्या. फुल थ्रॉटलवर दहा मिनिटं तापमान स्थिर राहिलं पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही एल्बोंची तुलना करा, एक जास्त तापत असेल तर तिकडे पाणी कमी जातंय.

आता फ्लायब्रिज. पावसाळे त्यानेच झेललेत. वरच्या सीटचे, रेलिंगचे, हार्डटॉपचे (वरच्या पक्क्या छपराचे) स्क्रू जिथे फायबरमधून जातात तिथून पाणी आतल्या बाल्सा लाकडात मुरतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने वीतभर अंतराने ठोकत जा; आवाज खणखणीत न येता बद्द आला तर आतला गाभा सडलाय. वर दोन बादल्या रंगीत पाणी ओता, पाणी पूर्ण बाहेर पडतं का आणि खाली केबिनच्या छताच्या कडेला ओल येते का ते बघा. वरून आणि खालून दोन्ही ठिकाणांहून स्टिअरिंग आणि गिअर चालवा. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधली हवा सगळ्यात उंच जागी म्हणजे वरच्या पंपात जमते, चाक मऊ लागलं तर ऑइलची पातळी तिथे तपासा. हार्डटॉप किंवा वरचा एसी नंतर बसवला असेल तर सावध राहा. उंचीवरचं वजन बोट जास्त डोलवतं.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सौदा पक्का करू नका. तळाला फोड आहेत का, ते फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो का, शाफ्ट हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे तिथेच कळतं. सी-कॉक (तळातून पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह) खरवडा. गुलाबी निघाले तर पितळेतलं जस्त गेलंय, बदलायलाच हवेत. तुमच्यासारख्या लांबच्या मालकांना माझं मत साधं शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि प्रॉप तळाखालच्या दांड्यावर. स्टर्नड्राइव्ह (गिअर आणि प्रॉप बोटीच्या मागे पाण्यात लटकणारी) कायम खाऱ्या पाण्यात ठेवली तर बेलोज (रबरी घडीचे नळे) आणि गंज यांतच पैसे जातात.

बोट अमेरिकन बाजारासाठी बनलेली असेल तर वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. एसी, चार्जर, जनरेटर सगळं तपासावं लागेल.

कागदांत बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), नोंदणी आणि बँकेचा बोजा नसल्याचं पत्र. यॉटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, कंपनीकडून घेत असाल तर सीएला विचारा. भाड्याने द्यायचा विचार असेल तर परवाने आणि विमा वेगळा. डिझेलचा ढोबळ हिशेब: ३०० एचपीची दोन इंजिनं क्रूझवर तासाला ९० ते १०० लिटर पितात. डिझेल ९० रुपये धरलं तरी तासाला आठ-नऊ हजार. देखभालीला वर्षाला किमतीच्या १० टक्के धरतात, या वयाच्या बोटीला ते कमी पडू शकतात.

टोकन द्याल तेव्हा 'सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक असल्यास' हे लिहून घ्या, आणि सर्व्हेअर तुमचा आणा, दलालाचा नको. दोन्ही इंजिनांच्या आणि दोन्ही गिअरबॉक्सच्या ऑइलचे नमुने वेगवेगळे लॅबला द्या. सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर खारं पाणी किंवा कूलंट आत येतंय. इंजिनांच्या प्लेटचे फोटो इथे टाका, एचपी आणि आरपीएम बघून चाचणीत नेमकं काय दिसायला हवं ते सांगतो.