सासऱ्यांची बंद झालेली गोळी

‘घरातील ज्येष्ठ व्हॉट्सॲपवरच्या संदेशांवर विश्वास ठेवून औषधे सोडतात आणि समजावायला गेले की रागावतात, अशा वेळी काय करावे?’ ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्यासंदर्भात एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वर्तकनगरमध्ये राहणारी एक सून माझ्याकडे आली. तिचे सासरे वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून माल-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. ‘रक्तदाबाच्या गोळ्यांनी किडनी निकामी होते’ हा संदेश वाचल्यापासून ते अधूनमधून गोळी चुकवत होते. त्यांनी तोच संदेश नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मुलाने सगळ्या भाचे-पुतण्यांदेखत लिहिले, ‘बाबा, असला कचरा पाठवू नका.’ त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे बंद झाले आणि गोळीही पूर्ण बंद झाली.

मी प्रथम त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले, कारण रक्तदाबाला आमच्या गप्पा संपेपर्यंत थांबता येत नाही. त्यानंतर सासरे मला भेटले. संदेश खरा की खोटा, या वादात न शिरता मी विचारले, “काका, तुम्हाला तो पटला कशामुळे?” बराच वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी कारखान्यातील एका सोबत्याविषयी सांगितले. तो अनेक वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेत होता आणि आता डायलिसिसवर होता. म्हणजे भीती आधीपासूनच मनात होती, संदेशाने तिला फक्त शब्द दिले होते.

खोटी माहिती का पसरते याचा अभ्यास करणाऱ्यांनी अमेरिकेत ट्विटरवरील सुमारे 1,26,000 बातम्यांचा माग काढला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी अधिक आढळली. तिच्यातील नावीन्य माणसांना खेचत असावे, असे संशोधकांचे म्हणणे होते. एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे तर 1977 पासून प्रयोगांत दिसत आले आहे. काकांना तोच संदेश सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या अशा तीन ग्रुपवर आला होता. त्यांना ती तीन स्वतंत्र माणसांची साक्ष वाटली. प्रत्यक्षात मजकूर एकच होता. (सुशिक्षित तरुणही याला फसतात, हे मुलाला मी नंतर वेगळे सांगितले.)

मी त्यांना त्यांच्याच कामाच्या भाषेत विचारले, “एकच नग हातात घेऊन तुम्ही अख्खा लॉट नापास केला असता का?” ते हसले. “नाही. आणि तो नग कशामुळे बिघडला, हेही बघितलं असतं.” त्यांच्या सोबत्याची किडनी कशाने गेली हे मला ठाऊक नव्हते, आणि मी तसे सांगितले. परंतु वर्षानुवर्षे आटोक्यात नसलेला रक्तदाब हे किडनी निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे. तेव्हा गोळी किडनीसाठी की किडनीविरुद्ध, हा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा, असे ठरले. डॉक्टरांनी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी, रक्ततपासणी करून घेतली. काही गोळ्या सुरू केल्यावर ती करावी लागते आणि त्यांपैकीच काही किडनीच्या रक्षणासाठीही दिल्या जातात, हे त्यांनी नीट समजावले. संदेशात सत्याचा जो कण होता तो डॉक्टरांनी नाकारला नाही, म्हणूनच काकांनी बाकीचे ऐकले, असे माझे मत आहे.

मुलाला मी एवढेच सुचवले की चूक जरूर दाखवावी, पण ग्रुपवर नव्हे, समोरासमोर आणि आधी वडिलांचे ऐकून घेऊन. त्याने माफी मागितली नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र मात्र आणून दिले. काकांनी कारखान्यातल्यासारखी वही आखली असून तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि ‘शेरा’ असे रकाने पाडले आहेत. गोळी सुरू आहे. हळदीच्या पाण्याचे संदेश अजूनही येतात, पण ते आता पाठवण्यापूर्वी सुनेला दाखवले जातात.