त्या 'अर्थात'चं काय?

पत्र, थोडक्यात: 'मावशी, मी खानापूर तालुक्यातला, वय २७. गावच्या लक्ष्मी यात्रेत आमच्या मंडळानं मी लिहिलेलं नाटक केलं. यादवकाळासारखं एक काल्पनिक राज्य, दरबारात कुणी खोटं बोललं की आपोआप वाजणारा नगारा. धाकटी राणी आपलं तान्हं पोर गुपचूप थोरल्या राणीला देते, तेच पुढं युवराज होतं आणि प्रधान दगा करून भर दरबारात ते गुपित फोडतो. मूळ गोष्ट आमच्या घरातली. आत्तीनं आपला मुलगा थोरल्या काकांना दिला होता, आजीनं जायच्या आधी मला सांगितलं. दादा आता ४२ वर्षांचा आहे, त्याला माहीत नाही. तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. शेवट अर्थात बदललाय, राणी बुरुजावरून उडी घेते. त्या रात्रीपासून दोन महिने आत्ती माझ्याशी बोलत नाही. परसातल्या खोलीत असते, दूध तेवढं रोज आमच्या आणि काकांच्या दारात ठेवून जाते. बाबा म्हणतात, पाय धर. आई म्हणते, नाटक ते नाटक. चिकोडीकडच्या एका गावानं प्रयोगाचा विसार दिलाय. काय करू?'

बाळा, तुझ्या पत्रातल्या चार गोष्टी मी बदलल्यात. नगारा माझा आहे. तुझ्या नाटकातली चीज याहून भारी होती, पण ती छापली असती तर अख्खा तालुका तुला ओळखून बसला असता. ही खबरदारी तू घ्यायची होतीस. आजीनं एका कानात सांगितलेलं तू आधी यात्रेला ऐकवलंस आणि आता मला.

तर ते 'अर्थात'.

शेवट बदलला म्हणजे आपण सुटलो, असं तुला वाटतंय. मूल दिलं हे खरं, ते जसंच्या तसं उचललंस. आणि खरी बाई जिथं पाय रोवून उभी राहिली, तिथूनच तिला खाली ढकललंस. उडी घेते म्हणे! ती कुठली घेते? पडदा पाडायला तुला काहीतरी हवं होतं, आणि मेलेल्या बाईवर टाळी हमखास पडते.

तुझी आत्ती मेली नाही गा. बेचाळीस वर्षं त्याच परसात राहिली, पोटच्या पोराच्या तोंडून 'आत्ती' ऐकत. त्याच्या लग्नात हळद लावायला बायकांच्या रांगेत कुठंतरी मागं उभी असेल, आत्तीचा म्हणून आहेर केला असेल. त्याला पोरं असतील तर ती कुणाची कोण हे न बोलता त्यांना खेळवलं असेल. आणि रोज पहाटे त्याच्या दारात दूध. हे सगळं तुझ्या घराच्या मागल्या अंगणात चाललेलं, आणि लिहायला बसल्यावर तुला बुरुज सुचला. अर्थात!

गुपित फुटलं म्हणून ती गप्प आहे, असं मला वाटत नाही. फुटलं कुठं? दादा तर टाळ्या वाजवत होता. ती शेवटपर्यंत बसली की मधेच उठली, हे तू लिहिलं नाहीस. बसली असणार. आपलं मरण बघून घरी आली आणि पहाटे उठून म्हशीची धार काढली.

यादवांची तुला हौस आहे म्हणून सांगते. १२७१ साली रामदेवरायानं चुलतभाऊ अम्मणाकडून देवगिरीची गादी घेतली. महानुभावांच्या लिखाणात कथा आहे की त्याची माणसं नाटकमंडळीचं सोंग घेऊन किल्ल्यात शिरली आणि अम्मण खेळ बघण्यात गुंग असताना त्याला धरलं. घरातलाच माणूस, नाटकाचं सोंग आणि समोर गाफील बसलेला प्रेक्षक. तू दगा प्रधानाच्या गळ्यात बांधलास. पडदा उघडण्याआधी 'सर्व पात्रे काल्पनिक' असं कुणीतरी म्हटलं असेल ना? नगारा तिथंच वाजायला हवा होता.

दादाला सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात घोळतंय. कित्तूरच्या चन्नम्मांनी १८२४ साली शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं ते उघड, आणि इंग्रजांनी ते मानलं नाही म्हणून लढाईला उभ्या राहिल्या. तुमच्याकडे मूल कुणाला न कळता या खोलीतून त्या खोलीत गेलं. ते उघडं करायचं की नाही, हे आत्ती आणि काका-काकू बघतील. तुझा त्यात काही संबंध नाही.

पाय धरू नकोस. परसात पाय धरलेस तर दादाच विचारील, कशाबद्दल गा? मग पुन्हा तिनंच काहीतरी खोटं रचून सांगायचं. आणि आईचं तर मुळीच ऐकू नकोस.

प्रयोग बंद कर. शेवट सुधारूनही नको. आता तुला दूध घालणारी राणी लिहायची सुरसुरी येईल, मला माहीत आहे. एक ओळ लिहायची नाही. सगळ्यांकडच्या वह्या परत घे आणि मंडळाला कारण सांगू नकोस. पोरं चिडतील. शिष्ट झालाय म्हणतील, घाबरला म्हणतील, चिकोडीकडचे फोनवर वाट्टेल ते बोलतील. दादा म्हणेल, एवढं चांगलं नाटक, खुळा झालास काय? खरं कारण जिभेवर आलेलं असेल. गिळ. आत्तीनं बेचाळीस वर्षं गिळलं, तुला एक यात्रा जड नाही.

विसार पदरचे पैसे घालून परत दे. आत्तीला 'तुझ्यासाठी बंद केलं' म्हणून सांगायला जायचं नाही, कळेल तेव्हा कळेल. तोवर दुधाचं भांडं आदल्या रात्री घासून दारात ठेवत जा. आत्तापर्यंत ते कोण घासत होतं, तेही तू लिहिलेलं नाहीस.