अमेरिकेत पाळीव प्राण्यांची जेनेरिक औषधं स्वस्त मिळावीत म्हणून कायदा आहे का? असेल तर ती इतकी कमी का दिसतात?

हो, कायदा १९८८ पासून आहे. माणसांच्या जेनेरिक औषधांचा रस्ता १९८४ च्या कायद्याने मोकळा झाला, पण त्यात जनावरांची औषधं नव्हती. ती चार वर्षांनी आली. तेव्हापासून जेनेरिक कंपनीला सुरक्षितता आणि परिणामाच्या सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. आपलं औषध मूळ औषधाइतकंच शरीरात पोहोचतं, एवढं एफडीएला (अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेला) दाखवायचं. (दूध-मांसाच्या जनावरांसाठी असेल तर औषधाचा अंश शरीरात किती दिवस राहतो, तेही.) अर्ज तुंबू नयेत म्हणून २००८ पासून कंपन्यांकडून शुल्क घेऊन तपासणीला मनुष्यबळ पुरवलं जातं. कोणत्या औषधाला मंजुरी आहे ते एफडीएच्या ‘ग्रीन बुक’ यादीत कुणालाही पाहता येतं.

तरी जेनेरिक कमीच, कारण बाजार लहान आणि प्राण्यांच्या जातींनुसार वाटलेला. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे: बहुतेक लोक औषध पशुवैद्याकडूनच घेतात, बाहेरचे दर विचारतच नाहीत. औषध बाहेरून घेता यावं म्हणून न मागताही प्रिस्क्रिप्शन हातात देणं पशुवैद्यांना देशभर सक्तीचं करणारं विधेयक अमेरिकेच्या संसदेत (काँग्रेसमध्ये) अनेकदा आलं, पास झालं नाही. काही राज्यांत मात्र मागितल्यावर ते द्यावंच लागतं. म्हणून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घ्या.

एक मात्र सांभाळा: माणसांचं स्वस्त जेनेरिक पशुवैद्य लिहून देऊ शकतात, पण स्वतःच्या मनाने देऊ नका. गाबापेंटिन या वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाच्या माणसांसाठीच्या द्रावणात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असू शकतं, आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.